सत्तेचाळीसचा शुक्रवार

शुक्रवारी दुपारी दोन वाजून अडतीस मिनिटांनी सोनल शेडगेने सत्तेचाळीस नंबरला फोन लावला. त्याआधी तिने खोलीचं दार आतून लावून घेतलं, पाण्याचा एक घोट घेतला आणि समोरच्या कार्डावरची शेवटची ओळ बोट ठेवून वाचली. प्रत्येक फोनआधी ती हेच करते. ओळ अशी होती : दुसऱ्या कुणी उचलल्यास, कॉलेजची लायब्ररी.

पाचव्या रिंगला फोन उचलला गेला.

"हॅलो. लायब्ररी का?"

आवाज पुरुषाचा होता, पन्नाशीतला, नीट बोलणारा.

सोनल नऊ वर्षं एका विमा कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये होती. गेल्या वर्षीपासून ती घोडबंदर रोडवरच्या एका छोट्या संशोधन संस्थेत आहे. तिसरा मजला, खाली सोफ्यांचं दुकान. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या नऊ कॉलेजांमधल्या एकशे शहाऐंशी मुलामुलींना महिन्यातून एकदा फोन करायचा, असे सहा महिने, आणि ठरलेले एकोणतीस प्रश्न विचारायचे, हे तिचं काम. ही सगळी मुलं समलिंगी, उभयलिंगी किंवा ट्रान्स. काहींनी स्वतःला अजून कुठलंच नाव दिलेलं नाही. झोप लागते का. वर्गात बसावंसं वाटतं का. कॉलेजात मनातलं बोलता येईल असं एक तरी माणूस आहे का. घरात कुणाला माहीत आहे का. नववा प्रश्न असा : गेल्या दोन आठवड्यांत आपण नसतो तर बरं झालं असतं, असं किती वेळा वाटलं?

नावं तिच्याकडे नसतात. ती प्रकल्पप्रमुख मेघना केतकर यांच्या कपाटात, कुलपात. सोनलकडे फक्त कार्डं. कार्डावर नंबर, फोन करायची सुरक्षित वेळ आणि कुणी विचारलं तर कोण म्हणून बोलायचं ते. बारा नंबरसाठी सोनल ब्यूटीपार्लरच्या कोर्सवाली, तेवीससाठी रक्तदान शिबिरवाली, एकसष्टसाठी जिमची रिसेप्शनिस्ट. हे बुरखे मुलांनीच निवडलेले. कुठल्या बाईचा फोन आला तर आपल्या घरात कुणाची भुवई वर जाणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? खाली मिस्ड कॉलच्या खुणा. एक म्हणजे सगळं ठीक. दोन म्हणजे आज बोलता येत नाही, उद्या करा. तीन म्हणजे मदत हवी, लगेच.

सत्तेचाळीस नंबर ही एकोणीस वर्षांची मुलगी. डोंबिवली पूर्वेला राहते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या महिन्यात नवव्या प्रश्नाला तिने "बरेच दिवस" असं उत्तर दिलं होतं. तेव्हा समुपदेशक मध्ये आली, चार वेळा भेटली. चौथ्या महिन्यात उत्तर "नाही" झालं, आणि कॉलेजात कुणी आहे का, याला पहिल्यांदा "हो" आलं, तेही हसत. घरच्या प्रश्नाचं उत्तर मात्र पाचही महिने तेच. "नाही. आणि बीएस्सी होईपर्यंत कळायला नको." तिच्या चुलत बहिणीच्या फोनमध्ये घरच्यांना एका मुलीचे मेसेज सापडले होते. त्या बहिणीचं कॉलेज त्या आठवड्यात सुटलं आणि चार महिन्यांत लग्न लागलं. सत्तेचाळीसने हे एकदाच सांगितलं होतं, बसचं वेळापत्रक सांगावं अशा आवाजात.

आज तिचा सहावा, म्हणजे शेवटचा फोन होता.

"हो, कॉलेजच्या लायब्ररीतून बोलतेय," सोनल म्हणाली. आवाज हलला नाही. नऊ वर्षांची सवय. "आपण?"

"मी तिचे वडील." मग त्यांनी मुलीचं नाव घेतलं. सहा महिन्यांत सोनलला ते पहिल्यांदा कळलं, आणि कळायला नको होतं. "ती प्रॅक्टिकलच्या परीक्षेला गेलीय. मोबाइल नेऊ देत नाहीत म्हणून घरी ठेवलाय. फोनवर लायब्ररी दिसलं, म्हटलं काही अर्जंट असेल. काय काम होतं?"

"काही नाही काका, एक पुस्तक परत करायचं राहिलंय. मी तिलाच सांगते नंतर."

"कुठलं पुस्तक?"

"रसायनशास्त्राचं."

"जाड का बारीक?"

"जाड."

"रंग?"

"निळा," सोनल म्हणाली, कारण समोर निळा पेन होता. "काका, तुम्ही त्रास घेऊ नका. ती सोमवारी आली की—"

"त्रास कसला त्यात? सुट्टीच आहे. शुक्रवार ना आज. थांबा, कपाटात बघतो."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग दार उघडल्याचा. मग कागद.

सोनलने समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. शुक्रवार. मुलांनी भरून दिलेल्या फॉर्ममध्ये सुरक्षित वेळेच्या रकान्यात छापील दोनच चौकटी होत्या : सोमवार ते शुक्रवार, किंवा शनिवार-रविवार. सत्तेचाळीसने पहिल्या चौकटीत खूण केली होती. दुपारी दोन ते चार, आई पोळ्यांच्या कामाला जाते तेव्हा. आणि बाजूला बारीक अक्षरात स्वतःहून लिहिलं होतं, "बाबा एमआयडीसीत." पाच महिने फोन मंगळवारी गेला होता. या मंगळवारी ती म्हणाली, परीक्षा आहे, पुढे ढकला. शुक्रवारी सहावा महिना बंद व्हायचा होता. आकडे सांभाळणारा साकेत सकाळपासून तीनदा डोकावून गेला होता : "सोनल, सत्तेचाळीस तेवढी बाकी आहे हां."

डोंबिवली एमआयडीसीला शुक्रवारी सुट्टी असते. हे सोनलला कुणी सांगायला नको होतं. तिचे वडील कुंडलिक शेडगे एकतीस वर्षं तिथल्याच एका कारखान्यात बॉयलरवर होते. तिच्या लहानपणी शुक्रवारी घरी मटण व्हायचं आणि रविवारी बाबा डबा घेऊन कामावर जायचे. शाळेत कुणी "रविवारी कुठे गेला होतात" असं विचारलं की तिला प्रश्नच कळायचा नाही.

फोनमधून पुन्हा आवाज आला. "मॅडम, वह्या आहेत. जर्नल आहे. एक प्लॅस्टिकची फाईल आहे. पुस्तक नाही दिसत. फाईलमध्ये बघू?"

"नको," सोनल म्हणाली. जरा जोरात. मग सावरून हसली. "अहो काका, नऊशे पानांचं पुस्तक आहे ते. फाईलमध्ये कसं मावेल?"

"तेही आहे."

"आणि ते लायब्ररीतच चुकून दुसऱ्या रॅकमध्ये गेलं असेल. आमच्याकडे होतं असं. मी आधी इथे बघते. तुम्ही नका शोधू."

"बघा तुम्ही. मीही बघतो."

फोन बंद झाला. कॉलची वेळ चार मिनिटं अकरा सेकंद.

सोनलने ती कार्डावर लिहिली, कारण लिहायची असते. मग दार उघडून ती मेघना मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

मेघना केतकर नौपाड्यातल्या. वय बावन्न. वीस वर्षं कॉलेजांत मानसशास्त्र शिकवून त्या इथे आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही थांबवलं नाही, आणि पहिला प्रश्न विचारला, "तिला संमतिपत्राची प्रत दिली होती का?"

हे सोनलच्या डोक्यातच आलं नव्हतं. मेघनाताईंनी कपाट उघडलं, फाईल काढली, पान उलटलं. प्रत : दिली. खाली मुलीची सही.

अभ्यासात भाग घेणाऱ्याला संमतिपत्राची प्रत द्यावी लागते. नीतिसमितीचा नियम आहे, आणि त्यांच्या हितासाठीच आहे. प्रत दोन पानी. पहिल्या पानावर, वर, ठळक अक्षरात प्रकल्पाचं पूर्ण नाव. एलजीबीटीक्यू विद्यार्थी हे शब्द दुसऱ्या ओळीत. असा कागद मुलं कुठे ठेवतील? फाईलमध्ये ठेवतील.

"मीच त्यांना कपाटाकडे पाठवलं," सोनल म्हणाली.

"तू कार्डावर लिहिलेलं बोललीस."

"पुस्तक म्हटल्यावर माणूस घरात शोधणारच ना, मॅडम. जिमवाली असते तर काय शोधलं असतं?"

साकेत खुर्ची सरकवून आला होता. अठ्ठावीस वर्षांचा, हुशार, घोडबंदर रोडच्याच एका टॉवरमध्ये राहणारा. फॉर्म त्याने बनवला होता. "पण शुक्रवारी दुपारी घरी कोण असतं?" तो म्हणाला. "आय मीन, वर्किंग डे आहे."

"अर्धी डोंबिवली असते," सोनल म्हणाली.

"मग तू बोलली का नाहीस तेव्हा? फॉर्म दाखवलेला मी तुला."

तिने तो फॉर्म दोनदा तपासला होता. एका स्पेलिंगची चूकही काढून दिली होती. या ऑफिसला शनिवार-रविवार सुट्टी, आणि वर्षभर इथे बसून तिचाही आठवडा इथल्यासारखाच झाला होता.

"भांडण नंतर," मेघनाताई म्हणाल्या. "आपण परत फोन करायचा नाही. कुणीही नाही. घटनेचा अहवाल चोवीस तासांत समितीकडे जाईल. समुपदेशकाला मी आत्ता सांगते. परीक्षा कधी सुटते?"

"माहीत नाही."

"कॉलेजात माणूस पाठवू या का?" साकेतने विचारलं.

"आणि काय सांगायचं? नाव घेऊन शोधत फिरायचं? सगळ्या वर्गाला कळेल की कुणीतरी तिला शोधतंय."

तीन वाजून चोवीस मिनिटांनी प्रकल्पाचा फोन टेबलावर थरथरला. स्क्रीनवर सत्तेचाळीस.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तीच असेल," साकेत कुजबुजला. मेघनाताईंनी मान हलवली, "वडील असतील. उचल. नाही उचलला तर संशय येईल."

वडीलच होते.

"मॅडम, माळ्यावर एक निळं पुस्तक सापडलं. पण ते दहावीचं दिसतंय."

"नाही काका, ते नाही. तुम्ही माळ्यावर कशाला चढलात?"

"शोधायचं म्हणजे नीट शोधायचं. मी स्टोअरकीपर आहे, रंगाच्या कंपनीत. वस्तू हरवत नसते मॅडम, चुकीच्या जागी असते." थोडं थांबून, "तुमचं नाव काय लिहू?"

"लिहू?"

"डायरीत लिहून ठेवतो. कोणाशी बोललो, किती वाजता."

"मालन," सोनल म्हणाली. ते तिच्या आईचं नाव.

"बरं. मालन मॅडम, एक विचारू का? राग मानू नका." आवाज खाली आला. "ती येते का हो लायब्ररीत? म्हणजे, रोज संध्याकाळी उशीर होतो, विचारलं तर सांगते लायब्ररीत होते."

"येते ना. नेमाने येते."

"एकटीच असते? का बरोबर कुणी असतं?"

मेघनाताईंनी पेन खाली ठेवलं.

"काका, लायब्ररीत बोलायला बंदी आहे," सोनल म्हणाली. "तिथे सगळे एकटेच असतात."

ते हसले. छोटंसं, नाकातून. "तेही आहे. आधी फार बोलायची हो घरात. आता नुसतं हं, नाही, जेवले. आमच्या हिला म्हटलं, अभ्यासाचं टेन्शन असेल. तुम्हाला काय वाटतं?"

"दुसरं वर्ष अवघड असतं," सोनल म्हणाली. खोटं न बोलता एवढंच सांगता येत होतं.

फोन ठेवल्यावर साकेत म्हणाला, "फाईलचं काहीच बोलले नाहीत. म्हणजे नसेल बघितली."

"किंवा बघितली," मेघनाताई म्हणाल्या, "आणि म्हणूनच विचारलं, बरोबर कुणी असतं का."

सोनलने एकशे तीन नंबरचा राहिलेला फोन केला, एकोणतीस प्रश्न विचारले, उत्तरं भरली. एकशे तीनला छान झोप लागत होती.

चार वाजून दहा मिनिटांनी ती जिन्यात आली आणि स्वतःच्या मोबाइलवरून घरी फोन लावला. तिचे वडील आता बहात्तर वर्षांचे आहेत. दुपारी झोपत नाहीत.

"बाबा, मी शाळेत असताना शुक्रवारी तुम्ही घरी काय करायचात?"

"आता हे काय मध्येच? जेवलीस का?"

"सांगा ना."

"काय करणार? तुझी आय पापडाच्या कारखान्यात. मी एकटाच घरात. स्टोव्ह साफ करायचा, कपाट लावायचं. तुझ्या वह्यांना कव्हरं कोण घालायचं? मीच की."

"वह्या उघडून बघायचात?"

पलीकडे खाटेचा आवाज झाला. "मागच्या पानावरचं म्हणतेस का?"

सोनल जिन्यातल्या पायरीवर बसली. दहावीत असताना तिने भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर एका सर्वेशचं नाव लिहिलं होतं. एकदा नाही, पानभर. शेजारी आपलं नाव, आणि खाली आडनावं जुळवून पाहिली होती. ती वही तिने वर्ष संपल्यावर स्वतः बंबात जाळली होती.

"वाचलं होतं तुम्ही?"

"वाचलं की. एवढं ठसठशीत लिहिलेलं, दिसणार नाही का?"

"मग काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? कव्हर घातलं, वही ठेवली जागेवर. दुसऱ्या दिवशी शनिवार, गेलो कामावर." मग, "अगं, झालंय काय?"

"काही नाही. आज उशीर होईल. आईला सांगा."

सर्वेश मुलगा होता आणि जातीतलाच होता, हे जिना चढताना तिच्या लक्षात आलं. ज्या बापाने ते पान मिटून ठेवलं, त्याला जर तिथे संमतिपत्र सापडलं असतं तर त्याने काय केलं असतं, हे तिला माहीत नव्हतं. बॉयलरवरचा माणूस कसा वागला, त्यावरून स्टोअरकीपर कसा वागेल हे ठरत नाही.

चार बावन्नला प्रकल्पाच्या फोनवर एक अनोळखी नंबर आला.

"ताई, मी सत्तेचाळीस. मैत्रिणीच्या फोनवरून. परीक्षा आत्ता सुटली. आज फोन केला नाहीत ना? मोबाइल घरी आहे आणि आज बाबा—"

"केला," सोनल म्हणाली. "अडीचला केला. बाबांनी उचलला."

कॉलेजच्या आवारातले आवाज ऐकू येत होते. कुणीतरी कुणाला तरी बीकर फोडल्यावरून चिडवत होतं.

"काय बोललात?"

सोनलने सांगितलं. क्रमाने, काही न गाळता : पुस्तक, कपाट, वह्या, जर्नल, फाईल, माळा, आणि लायब्ररीत बरोबर कोण असतं हा प्रश्न. शेवटी म्हणाली, "चूक माझी आहे. शुक्रवार मला कळायला हवा होता. संमतिपत्राची प्रत कुठे आहे?"

आवारातले आवाज मागे पडले; ती बाजूला गेली असावी.

"फाईलमध्ये. बारावीच्या मार्कशीटच्या मागे. एकाच पॉकेटमध्ये दोन्ही."

"मार्कशीट काढली तर दिसेल?"

"मार्कशीट ते कधीकधी काढून बघतात," मुलगी म्हणाली. "त्र्याऐंशी टक्के आहेत ना."

मेघनाताईंनी हात पुढे केला. सोनलने फोन दिला. मेघनाताई हळू आणि स्पष्ट बोलल्या : आज घरी जायचं नसेल तर सोय आहे, समुपदेशक आत्ता बोलायला तयार आहे, तुझ्या इच्छेशिवाय आम्ही काहीही करणार नाही. पलीकडून बराच वेळ "हं, हं" एवढंच आलं. मग फोन पुन्हा सोनलकडे.

"घरी नाही गेले तर जास्त कळेल, ताई. मी जाते. पण एक सांगा, पुस्तक कुठलं म्हणालात?"

"रसायनशास्त्राचं. जाड. निळं."

"निळं का?"

"त्यांनी रंग विचारला."

"अहो ताई! रंगाच्या कंपनीत आहेत ते. त्यांना बाकी काही नाही, पण रंग बरोब्बर लक्षात राहतो." ती चक्क हसली, आणि ते हसणं मध्येच तुटलं. "माझ्याकडे लायब्ररीचं एक आहे बॅगेत. पण ते हिरवं आहे. फिजिक्सचं."

"आज परत कर. परत केल्यावर रंग कोण बघतो?"

"पावती बघतात. स्टोअरकीपर आहेत." मागे कुणीतरी मुलगी काहीतरी म्हणाली. ही तिला म्हणाली, "गप गं, चल, साडेपाचला बंद होते लायब्ररी." मग पुन्हा फोनवर, "कार्डावर आजच्या तारखेचा शिक्का मारून घेते. विषय लिहीत नाहीत त्यावर, नुसता नंबर असतो."

"घरी पोचलीस आणि मोबाइल हातात आला की मिस्ड कॉल दे. खुणा लक्षात आहेत?"

"एक, दोन, तीन. आहेत." ती थांबली. "ताई, ते चिडलेले वाटले का?"

सोनलने विचार करून उत्तर दिलं. "नाही. एकटे वाटले."

"हं," मुलगी म्हणाली आणि फोन ठेवला.

प्रकल्पाचा फोन रोज सहा वाजता कुलपात ठेवायचा असतो. त्या दिवशी मेघनाताईंनी तो टेबलावरच राहू दिला. साकेत साडेसहाला निघाला, निघण्याआधी त्याने फॉर्मची नवी प्रत छापून सोनलपुढे ठेवली. त्यात सात दिवसांच्या सात चौकटी होत्या आणि खाली एक नवा रकाना : घरातल्या प्रत्येक माणसाच्या सुट्टीचा वार. "बघून दे," तो म्हणाला. "आणि या वेळी बोल." सोनलने पाहिलं. पाळी कुठली, हाही रकाना हवा, रात्रपाळीचा माणूस दिवसभर घरी असतो, असं तिने समासात लिहिलं. एकशे शहाऐंशी कार्डांत एमआयडीसी, वागळे इस्टेट किंवा कारखाना असा उल्लेख असलेली किती, ते तिने मोजलं. चौतीस. त्यांपैकी याआधी शुक्रवारी फोन गेलेले अकरा. अकरा वेळा काही झालं नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सात वाजले. खाली घोडबंदर रोडवर गाड्या हलत नव्हत्या. मेघनाताईंनी अहवाल लिहायला घेतला होता. "वडिलांनी नाव उच्चारलं, ते लिहायचं का?" सोनलने विचारलं.

"नाव नाही. नाव उच्चारलं गेलं, एवढंच."

"ती एव्हाना पोचली असेल."

"कॉलेजातून चालत किती?"

"वीस मिनिटं. रिक्षाने आठ." पत्ता माहीत नसताना तिला हे कसं ठाऊक, हे मेघनाताईंनी विचारलं नाही. सहा महिने बोलल्यावर माणूस कुठल्या नाक्यावर राहतो ते कळतंच.

सात पंचवीस. सात तीस. मेघनाताईंनी समुपदेशकाला पुन्हा फोन करून सांगितलं की अजून काही नाही. मग दोघी फोनकडे न बघता बसल्या.

सात वाजून एकेचाळीस मिनिटांनी स्क्रीन उजळली. सत्तेचाळीस. एक रिंग, आणि बंद.

मेघनाताईंनी श्वास सोडला. "एक. ठीक आहे."

"थांबा," सोनल म्हणाली.

पंधरा सेकंद गेले. तीस. फोन पुन्हा उजळला. एक रिंग, आणि बंद.

मेघनाताईंचा हात त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर होता, समुपदेशकाच्या नावावर. सोनल भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत होती. एक फेरा झाला. दुसरा झाला. नियम असा की पाच मिनिटं थांबायचं. तिसरा, चौथा. खालच्या दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला तेव्हा दोघीही दचकल्या. पाचवा.

तिसरा कॉल आला नाही.

"दोन," मेघनाताई म्हणाल्या. "आज बोलता येत नाही. उद्या करा."

"म्हणजे फाईल उघडली की नाही?"

"ते दोनमध्ये कळत नाही."

सोनलने कार्ड पुढे ओढलं. पुढच्या फोनच्या रकान्यात उद्याची तारीख आणि वेळ लिहिली, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. लायब्ररी खोडून तिने वर काही लिहिलं नाही. नवा बुरखा मुलगीच सांगेल. मेघनाताई म्हणाल्या, ऑफिस बंद असतं शनिवारी, पण किल्ली माझ्याकडे आहे, मी दीडला येते. सोनल म्हणाली, मी एकला येईन, जिन्यात थांबेन. स्कूटीवरून माणकोलीच्या पुलाने आलं तर डोंबिवलीहून पाऊण तास पुरतो, पण घोडबंदरचा भरवसा नाही.

फोन कुलपात गेला. कार्ड त्याच्यावर.

उद्या शनिवार. डोंबिवली एमआयडीसीत कामाचा दिवस. जनरल शिफ्ट सकाळी साडेआठला सुरू होते आणि संध्याकाळी पाचला सुटते.